चिनीदादची तानू

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

रविवारी आपला फोन होतोच, पण मामी स्पीकर लावते आणि अख्खं घर एकदम बोलायला लागतं. तुम्ही मागे उभे राहून 'जेवली का' एवढंच विचारता. म्हणून हे पत्र, फक्त तुम्हाला. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदच आवडणार, हे मला ठाऊक आहे.

येऊन महिना झाला. या शहराला सोडून समुद्र लांब गेलाय. बंदराजवळ भर रस्त्यात, गाड्यांच्या गर्दीत, एक दीपस्तंभ उभा आहे, जरासा कललेला. पूर्वी पाणी त्याच्या पायाशी होतं. भर घालत घालत शहर पुढे सरकलं आणि तो मागे राहिला. शेजारी स्पॅनिश लोकांचा छोटासा किल्ला आहे, तोही एके काळी पाण्यात होता, आता त्याच्या अंगाला खेटून टॅक्स्या जातात. स्पॅनिशांनी बंदर वसवलं, मग फ्रेंच मळेवाले आले, मग इंग्रजांनी घेतलं. आफ्रिकेतून माणसं बांधून आणली होती. ती गुलामी बंद झाल्यावर ऊस तोडायला करारावर आपल्याकडची आणली. ते लोक या बेटाला 'चिनीदाद' म्हणायचे, साखरेचा देश म्हणून.

माझं काम जुन्या लाकडी घरांची मापं घेण्याचं. घर वारशाच्या यादीत आलं तर कुणाला पाडता येत नाही. सध्या मी सेंट जेम्स भागात आहे. तिथल्या गल्ल्यांची नावं ऐका: कलकत्ता स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट. अकोला मात्र नाही!

तिथे माया नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहतात. त्यांच्या आजीनं १९२६ मध्ये बांधलेलं घर. छपराच्या कडेला लाकडात कोरलेली वेलबुट्टी, खिडक्या वर बिजागरी असलेल्या, खालून ढकलून उघडायच्या, आणि दार थेट मोठ्या रस्त्यावर. पुतण्या गजेंद्र म्हणतो, ते विकून टाकू, तिथे गाड्या लावायची जागा होईल. मला घर दाखवताना मात्र तोच अभिमानानं म्हणाला, 'आमची पणजी राजपूत होती. राजघराण्यातली.' माया चहा ओतत राहिल्या.

आणि मामा, आता खरी गोष्ट. त्यांच्या कुत्र्यानं माझी मोजपट्टी तोंडात धरून पळवली. माया त्याच्यावर खेकसल्या, 'काहून? काहून रे?'

मी जागीच थांबले. विचारलं, हा कुठला शब्द? म्हणाल्या, 'आजीचा. रागावताना वापरायचा. अर्थ कुणाला ठाऊक!'

इथले बहुतेक लोक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, ते 'काहे' म्हणतात. 'काहून' कोण म्हणतं ते तुम्हीच सांगा.

तुमची,
नीलम


अकोला
१७ मार्च २०२५

चि. नीलमले मामाचा जयभीम.

तुझं पत्र सव्वीस दिवसांनी पोचलं. मी शुद्ध लिहायचं ठरवून बसलो होतो. हापिसात सारी उमर शुद्धच लिहिलं. पण तुले लिहाले बसलो का शुद्ध भाषेत हात चालतच नाही.

इथी ऊन तापाले लागलं. तुह्या मामीनं कूलर पुसून काढला अन् मले त्याच्यात पानी टाकायच्या कामाले लावलं. तुह्या मायशी फोनवर बोललो, अमरावतीले बंदे बरे हायेत.

'काहून' वाचलं अन् मी खुर्चीतून उठलो. मामी म्हणे, काय झालं? म्हनलं, समुद्रापल्याड आपलं मानूस सापडलं! बाई, हा शब्द आपला वऱ्हाडाचा. पण वऱ्हाड लय मोठं. गाव पाह्यजे.

आता मी सांगतो तसं कर. करारावर नेलेल्या लोकाईचा जहाजावर चढवताना पास करत. त्याच्यात बापाचं नाव, गाव, ठाणं, जात, अंगावरची खूण, बंदं लिहून घेत. तिथल्या सरकारी दप्तरात ते रजिस्टर असनच. ते शोध.

कागदावरचं मानूस सापडते. दर्यापूरले रेकॉर्ड किपर होतो तवा जातीच्या दाखल्यासाठी लोक यायचे. शंभर वर्षांपूर्वीचं कोतवाल बुक मागायचे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही. मी वाळवीनं खाल्लेली पानं एकेक करून उलटायचो. आजाचं नाव सापडलं का मानूस माह्यासमोर रडे. एका रकान्यावर पोट्ट्याईचं शिक्षण अडलेलं असे. म्हणून म्हणतो, धीर सोडू नको. नक्कल मिळाली का मले धाड. गाव मी काढून देतो.

अन् त्या मायाबाईले सांगजो, काहून म्हणजे 'का'. इतकी वर्षं कुत्र्याले प्रश्न इचारून राहिल्या, त्यालेच कळलं असन.

तुझा,
जानरावमामा


पोर्ट ऑफ स्पेन
२७ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

सापडला!

अभिलेखागारात अकरा दिवस बसले. मायांनी सांगितलेल्या नावावरून १९०१ सालच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या आजीचा पास मिळाला. नक्कल सोबत आहे, तरी सगळं उतरवून देते. नाव तानू. बापाचं नाव साधू. वय बावीस. उंची चार फूट अकरा इंच. खूण, डाव्या मनगटावर गोंदण. सोबत कोणी नाही. जवळचा नातेवाईक, भाऊ लक्षू. जिल्हा एलिचपूर, ठाणं दर्यापूर, गाव 'बाबुलकैर' असं काहीतरी. कलकत्त्याच्या कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं दिसतं.

जात, महार.

मामा, मी तो शब्द तीनदा वाचला. घरापासून इतक्या लांब, कुण्या परक्या कारकुनाच्या वळणदार अक्षरात आपल्या माणसांचा शब्द. मला आनंद झाला, खरंच झाला. पण लगेच गजेंद्रचं 'राजपूत' आठवलं.

दुसऱ्या दिवशी नक्कल घेऊन मायांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला नाही. म्हणाल्या, 'तू वाच.' मी वाचत गेले. तानू म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. भावाचं नाव ऐकून म्हणाल्या, 'लक्षू. हो. झोपेत घ्यायची ती हे नाव.' मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, 'आणि जातीच्या रकान्यात?'

मी म्हणाले, 'तिथली शाई पुसट झालीय. वाचता येत नाही.'

त्यांनी कागद घडी करून खणात ठेवला आणि विषय बदलला.

मला वाटलं, आयुष्यभर एक गोष्ट धरून बसलेली म्हातारी बाई, तिच्या हातातून ती मी का काढून घ्यावी? पण त्या दिवसापासून मला माझंच तोंड आवडत नाहीये. शाई पुसट नव्हती. त्या पानावरचा सगळ्यात ठळक शब्द तोच होता.

मी काय करू? हे फोनवर विचारता येणार नाही. तुम्हीच सांगा.

तुमची,
नीलम


अकोला
३० मे २०२५

चि. नीलम हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सोबतची नक्कल पाहिली. त्या काळी दर्यापूर तालुका एलिचपूर जिल्ह्यात मोडत असे. १९०५ नंतर तो अमरावती जिल्ह्यात आला. नमूद गाव 'बाभूळखेड' असावे. पूर्णा नदीच्या पुरानंतर सदर गाव जुन्या जागेवरून उठून वरच्या बाजूस वसले. अधिक माहिती मिळाल्यास कळवीन.

तू जो प्रश्न विचारला आहेस, त्याचे उत्तर देण्यास मी योग्य माणूस नाही.

प्रकृतीची काळजी घे.

जानराव वानखडे


पोर्ट ऑफ स्पेन
७ जुलै २०२५

प्रिय मामा,

तुम्ही शुद्ध लिहिलंत. 'सदर गाव' म्हणालात. खाली आडनावासकट सही केलीत. आजवर तुम्ही मला असं पत्र कधी लिहिलं नव्हतं. फोनवरही ऊन आणि पाऊस एवढंच बोलता.

रागावला आहात ना? रागवा, पण माझ्यावर वऱ्हाडीत रागवा. मी आपली जात लपवली असं तुम्हाला वाटलं असेल. माझ्या मनात आपली लाज नव्हती, मामा. तुमच्या घरी राहून मी पॉलिटेक्निक केलं, तुमच्यासोबत चौदा एप्रिलला मिरवणुकीत चालले. मला फक्त त्या बाईंना दुखवायचं नव्हतं. पण आता वाटतं, की दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

इकडे कालपर्यंत मोहरम होता. इथे त्याला 'होसे' म्हणतात. सेंट जेम्सच्या रस्त्यावरून ताबूत निघाले, घराएवढे उंच. त्यांच्यापुढे ताशे. या लोकांची भाषा गेली, गावं गेली, पण ताशाला ते अजून 'तासा'च म्हणतात. ताबुतामागे हिंदू होते, आफ्रिकन वंशाचे होते, सगळे होते. माया दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, 'आजी दरवर्षी इथेच बसायची. म्हणायची, आमच्याकडे पण असंच असतं.' मला अकोल्याच्या सवाऱ्या आठवल्या आणि तुमची फार आठवण आली.

घराचा अर्ज ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा आहे, समिती ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बसते. त्यात घराचा इतिहास लिहावा लागतो, कोणी बांधलं, कुठून आली. माया सही करायला तयार आहेत. गजेंद्र म्हणतो, राजपूत राणीचं घर असं लिहा, म्हणजे समिती नाही म्हणणार नाही. कोरा कागद समोर आहे आणि माझ्याच्यानं पहिली ओळ लिहवत नाही.

तुमची,
नीलम


अकोला
१० ऑगस्ट २०२५

नीलम बाई,

तुह्यावर राग नाही वं माय. तू तसं समजली अन् मी समजू देलं, हे बी माहं चुकलंच. तुहं एप्रिलचं पत्र वाचलं अन् मले माहंच जुनं पाप दिसलं. ते मी कोनाले सांगतलं नव्हतं. तुह्या मामीलेबी नाही. आता सांगतो.

१९७९ ची गोष्ट. मी बावीस वर्षांचा. अमरावतीले पहिली नोकरी लागली. एका बाईच्या घरी खोली पाहाले गेलो. आडनाव इचारलं. म्हनलं, वानखडे. वानखडे आपल्यात हायेत तसे कुनब्यात बी हायेत. बाई म्हणे, 'दर्यापूरकडचे कुणबी वानखडे का?' मी नुसती मान हलवली. होय म्हनलं नाही, नाही बी म्हनलं नाही. खोली भेटली. बाई चांगली होती. सणावाराले ताट देई.

दिवाळीच्या आधी माय आली. न सांगता. डोक्शावर बोचकं, त्याच्यात माह्यासाठी ज्वारीचं पीठ अन् जवसाची चटणी. बाईनं आतून इचारलं, 'जानराव, कोण आलंय?' अन् माह्या तोंडातून निघालं, 'आमच्या गावची बाई आहे. निरोप घेऊन आली.'

मायनं ऐकलं. ती ओट्यावरच बसली. बोचकं खाली ठेवलं अन् मले म्हणे, 'हे तुमच्या मायनं पाठवलं जी.'

जी म्हनली मले, नीलम. मले सांभाळून घेतलं तिनं. पानी बी न पिता पुढच्या बसनं वापस गेली. अन् मरेपर्यंत त्या दिवसाचा एक शब्द काढला नाही.

म्हणून मी तुले उत्तर देऊ शकलो नाही. पुढं बत्तीस वर्षं मी लोकाईले त्याईच्या जातीचे कागद काढून देल्ले, अन् स्वतः मान हलवून बसलो होतो.

आता उत्तर देतो. सांगून टाक. बाईले दुखलं तं दुखू दे, तू जवळ बस. दुखवू नये म्हणून आपन जे लपवतो, ते बहुतेक आपल्यालेच सांभाळाले असते.

आता दुसरी गोष्ट. मी बाभूळखेडले जाऊन आलो. आधी दर्यापूरले गेलो. रेकॉर्ड रूममधला नवा पोरगा मले ओळखत नाही, पन म्या सांगतलेल्या रॅकवर वह्या अजून तथीच होत्या. १९१२ च्या कोतवाल बुकात सापडलं: 'लक्षू वल्द साधू, महार', मुलगा झाला. त्या मुलाची लेक जित्ती हाय. मनकर्णाबाई. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, लेकीकडं राहते. आपलं त्यांच्याशी नातं लागत नाही, म्या तपासून पाह्यलं. पन चहा पाजल्याबिगर सोडलं नाही.

मी म्हनलं, 'तुमच्या घरची कोनी तानू होती का?' तिच्या हातातली बशी थांबली.

म्हणे, 'आबाजी, म्हणजे माहा आजा लक्षू, त्याची बहीन. एकोनीसशेच्या दुष्काळात सडकेवर खडी फोडाले गेली. कडेवर लेकरू होतं, ते तथीच गेलं. मंग कोनी म्हनलं नागपूरले काम भेटते. तशीच गेली. आबाजी पायी पायी दोन खेपा नागपूरले गेला. नाही सापडली. म्हातारपनी बी कोनी नागपूरकडचं आलं का तो इचारे, तानू नावाची बाई पाह्यली का?'

मी नक्कल वाचून दाखवली. भावाचं नाव लिहून ठेवलं होतं हे ऐकून तिनं बशी खाली ठेवली. मंग दोन प्रश्न इचारले. म्या लिहून आनले, जसेच्या तसे:

'तिले तथी कोनी होतं का, आजारात पानी द्याले?'

'अन् जित्ती होती तं वापस काहून नाही आली?'

हे मायाबाईले इचार. मनकर्णाबाई वाट पाहून राहिली.

तुझा,
मामा


पोर्ट ऑफ स्पेन
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. माझ्या आजीचं, तुमच्या आईचं, ते 'जी' मला दिवसभर ऐकू येत होतं. मी तुम्हाला काय समजावणार? एवढंच म्हणते, मामीला सांगा. आता एकट्यानं धरून बसू नका.

मी सांगितलं. कुठे, ते ऐका.

बंदरापासून थोड्या अंतरावर नेल्सन बेट आहे. खडकाचा एवढासा तुकडा. जहाजातून उतरवलेल्या माणसांना आधी तिथे ठेवत, तपासत आणि मग मळ्यांवर वाटून देत. मायांना तिथे एकदा जायचं होतं. मंगळवारी लाँचनं गेलो. मी आणि गजेंद्रनं दोन्हीकडून धरून त्यांना उतरवलं. दगडी बराकी अजून आहेत. खिडकीतून शहर दिसतं, मागे हिरवे डोंगर. तानूनं पहिल्यांदा हे शहर तिथूनच पाहिलं असणार. गजेंद्र पाणी आणायला गेला. आम्ही पायरीवर बसलो.

मी म्हटलं, 'मी तुमच्याशी खोटं बोलले. तो रकाना पुसट नाही. तिथे महार लिहिलंय. आणि मीही त्याच समाजातली आहे. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग माझ्या हातावर चापट मारली, चांगली जोरात.

'मग पुसट का म्हणालीस?'

'तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.'

'आणि मला वाटलं तू मोठ्या जातीची आहेस, माझी लाज झाकतेस! चार महिने तुला चहा देते आणि मनात म्हणते, ही खरंच पिते, की मी आत गेले की कुंडीत ओतते?'

आणि त्या हसायला लागल्या. मलाही हसू आलं. मग दोघीही रडलो.

मामा, त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या पंधरा वर्षांच्या असताना तानूनं कपड्यांना खळ घालता घालता त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांनी मुलींच्या लग्नासाठी 'राजपूत' सुरू केलं, आणि वडिलांसाठी माया गप्प राहिल्या. म्हणाल्या, 'इथे ज्यांना तो शब्द कळायचा त्यांना तो शिवी म्हणूनच कळायचा. मग बोलणार कुणाशी?'

आता मनकर्णाबाईंच्या प्रश्नांची उत्तरं. त्यांनी सांगितलं तसं लिहिते. कृपा करून वाचून दाखवा.

पाच वर्षं तानूनं उसाच्या मळ्यावर काढली. सुटल्यावर ती शहरात आली. सेंट जेम्सच्या कोपऱ्यावर सार्वजनिक नळ होता. पहिल्या दिवशी ती घागर घेऊन गेली आणि बाजूला उभी राहिली, कोणी तरी वरून ओतून देईल म्हणून. खूप वेळ उभी होती. मागून एक काळी बाई ओरडली, 'नळ फिरव की! आम्ही काय दिवसभर थांबायचं?' तानूनं स्वतःच्या हातानं नळ फिरवला. घागर भरली. कोणी काही म्हणालं नाही. मागच्या बाईनं तिला नुसतं ढकललं, आता सरक म्हणून.

त्या बाईचं नाव एस्मे. बार्बाडोस बेटावरून आलेली. पुढे दोघींनी मिळून जहाजावरच्या लोकांचे कपडे धुवायला घेतले. त्याच कामावर हे घर उभं राहिलं. एका सुतारानं तानूशी लग्न केलं, कोरीवकाम त्याच्याच हातचं. मुलं झाली. १९६० मध्ये तानू आजारी पडली तेव्हा एस्मेसुद्धा ऐंशीची होती. काठी टेकत रोज यायची आणि चमच्यानं पाणी पाजायची. शेवटी अंगही तिनंच पुसलं. म्हणजे पाणी द्यायला माणूस होतं.

आणि परत का नाही आली? दहा वर्षं झाली की परत जाता यायचं. १९११ मध्ये ती बोचकं बांधून गोदीवर गेलीही होती. जहाज समोर होतं. ती दुपारपर्यंत तिथे बसली आणि घरी परत आली. मायांना तिनं सांगितलं, 'गेले असते तर लक्षूचं तोंड पाहिलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी विहिरीपासून लांब उभी राहिले असते.'

अर्ज मायांनी स्वतः सांगून लिहवून घेतला. 'हे घर तानू, साधूची मुलगी, महार, गाव बाभूळखेड, हिनं कपडे धुऊन बांधलं.' गजेंद्रनं वाचलं. त्या शब्दाचा अर्थ विचारला, मी सांगितला. त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, 'लोकांना राणीची गोष्ट सांगायला एक मिनिट लागायचं. याला वेळ लागेल.' आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.

तुमची,
नीलम


अकोला
१९ ऑक्टोबर २०२५

नीलम बाई,
जयभीम.

घर यादीत लागलं हे फोनवर कळलं तवा तुह्या मामीनं शेजारच्या तीन घरी सांगतलं. कोनाचं घर, कोनता देश, काही इचारू नको. 'आमच्या नीलमनं वाचवलं,' बस.

मामीले मायचं सांगतलं. ती चुलीजवळून उठली, माह्यापाशी येऊन बसली अन् म्हणे, 'इतकी वर्षं एकट्यानं काहून ठेवलं?' मंग दुसऱ्या दिवशी जवसाची चटणी वाटली.  आमी दोघं जेवलो.

काल बाभूळखेडले गेलो. कापसाच्या वेचणीचे दिवस, तरी मनकर्णाबाईच्या लेकीनं वावरात जानं टाळलं. आंगनात सतरंजी टाकली. शेजारच्या बाया येऊन बसल्या. मी तुहं पत्र काढलं अन् तानूचा भाग मोठ्यानं वाचला. मळा वाचला, शहर वाचलं. एस्मेचं नाव आलं तवा मनकर्णाबाई म्हणे, 'तिचं नाव अखीन सांगा.' दोनदा सांगतलं. तिनं तोंडात घोळून पाह्यलं, 'एसमी.' चमच्यानं पानी पाजलं ते ऐकून हात जोडले, कोनाले कोन जाने, समोर तं मीच होतो.

मंग गोदीचं वाचलं. बोचकं बांधून गेली अन् वापस फिरली. लक्षूचं अन् विहिरीचं वाक्य बी वाचलं. मले भेव वाटे, म्हातारी म्हनन, भावानं दोन खेपा पाय झिजवले अन् ही जहाजापासून फिरली. 

मनकर्णाबाई सतरंजीवर पुढं सरकली. मंग म्हणे, 'ते नळाचं एकखेप अखीन वाचा.'

मी वाचलं.

'आपल्या हातानं फिरवला?'

'हो,' म्हनलं. 'आपल्याच हातानं.'

तिनं पदरानं डोळे पुसले अन् बायाईकडं पाहून म्हनली, 'मंग बरं केलं तिनं. नाही आली ते बरं केलं.'

तुझा,
जानरावमामा